घटनेचा कागद आणि स्वातंत्र्याची वहिवाट

दिवाळीच्या सुटींत आमच्या परभणीच्या घरीं सर्व मंडळी एकत्र जमतात. आम्ही दोघे बंधु, आमचीं कुटुंबें, माहेरपणास आलेल्या दोघी बहिणी, मुलेंबाळें आणि वयाची नव्वदी जवळ आलेल्या आमच्या मातोश्री. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पानाचा डबा मध्यें ठेवून ओसरीवर जी बैठक जमते, तींत राजकारणापासून लोणच्याच्या मिठापर्यंत कोणताच विषय वर्ज्य नसतो. 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' अशी आमच्या गांवची म्हण आहे. तेव्हां आमच्या ओसरीवर दिल्लीच्या कारभाराचा निवाडा होतो, याचें कोणास नवल वाटूं नये. गेल्या खेपेस कायद्याचें शिक्षण घेत असलेल्या माझ्या पुतणीनें बैठकींत एक प्रश्न टाकला. "काका, १९५० पासून २०२३ पर्यंत घटनेंत १०६ वेळां दुरुस्ती झाली. एखादें घर इतक्या वेळां दुरुस्त केलें, तर तें पक्कें झालें असें म्हणावें, कीं मुळांतच गळकें होतें असें म्हणावें?"

कोणीं कांहीं उत्तर दिलें, कोणीं कांहीं. शेवटीं मातोश्री म्हणाल्या, "पोरी, कागद पेटींत असतो आणि वहिवाट बांधावर असते. तुझ्या घटनेचा कागद चांगलाच असेल. बांधावर कोण उभा आहे, तेवढें बघ."

ज्या घरांत थोडाबहुत जमीनजुमला आहे, तेथें या बोलण्याचा अर्थ फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. निजामी अमदानींतील मुंतखब पेटींत रेशमी फडक्यांत जपून ठेवावा, आणि जमीन मात्र तीन पिढ्या दुसऱ्याच कोणीं कसावी, अशा हकिकती आमच्या मराठवाड्यांत हव्या तितक्या ऐकूं येतात. घटनादुरुस्ती झाली म्हणजे स्वातंत्र्य वाढलें असें मानणारे, आणि दुरुस्ती झाली म्हणजे स्वातंत्र्य बुडालें असें मानणारे, हे दोन्ही पक्ष पेटींतील कागदच पाहत असतात. बांधाकडे कोणीच पाहत नाहीं. मातोश्रींच्या त्या एका वाक्यानें माझ्या मनांत जें विचारचक्र सुरू झालें, तें आज वाचकांपुढें मांडीत आहें.

कागदाला मुळींच मोल नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्यांना तसें वाटतें, त्यांनीं परभणी जिल्ह्याचा १९४८ पूर्वींचा इतिहास आठवावा. हा जिल्हा त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 'गश्ती निशाण ५३' या नांवाचें एक परिपत्रक तेथें अंमलांत होतें. सरकारच्या पूर्वपरवानगीखेरीज सभा भरवितां येत नसे. प्रजेच्या मूलभूत हक्कांची सनदच नव्हती. मग त्या परिपत्रकाविरुद्ध दाद मागावयाची ती कशाच्या आधारें? १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. परतूर आज जालना जिल्ह्यांत आहे. त्या वेळीं तें परभणी जिल्ह्यांत होतें. पुढल्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, तिची रीतसर स्थापना होण्याच्या आधींच, बंदी आली, आणि ती १९४६ पर्यंत टिकली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगांत गेले. चार माणसांनीं एकत्र बसून आपलें गाऱ्हाणें बोलून दाखवावें, एवढ्यासाठीं त्या पिढीला तुरुंग पत्करावा लागला.

मध्यंतरीं १९३९ सालीं निजाम सरकारनें राजकीय सुधारणा जाहीर केल्या होत्या. कायदेमंडळांत निवडून आलेले सभासद घेण्याचें त्यांत ठरलें. पण त्यांचें प्रतिनिधित्व व्यवसायवार ठेविलें होतें, आणि कारभार पाहणारें मंडळ त्या कायदेमंडळास जबाबदार नव्हतें. सुधारणा देणाऱ्याच्याच हातीं ती परत घेण्याचा अधिकार राहिला, तर ती सुधारणा नव्हे, बक्षिसी होय. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानची राजवट संपली. २३ नोव्हेंबर १९४९ रोजीं खुद्द निजामानेंच फर्मान काढून भारताची होऊं घातलेली घटना आपल्या संस्थानासाठीं स्वीकारली. आणि २६ जानेवारी १९५० पासून परभणीच्या माणसाच्या हातीं प्रथमच असा कागद आला, कीं जो दाखवून सरकारला "हें तुम्हांला करतां येणार नाहीं" असें त्यास बजावतां यावें. ज्यांनीं सभाबंदी भोगली, त्यांनाच त्या कागदाची खरी किंमत ठाऊक होती.

त्या कागदास दीड वर्षही झालें नव्हतें, तोंच १८ जून १९५१ रोजीं पहिली दुरुस्ती झाली. रमेश थापर यांच्या 'क्रॉस रोड्स' या मुंबईच्या साप्ताहिकास मद्रास सरकारनें आपल्या प्रांतांत बंदी केली होती. ती बंदी सर्वोच्च न्यायालयानें मे १९५० मध्यें रद्द ठरविली. न्यायालयांत हरलेल्या सरकारनें घटनाच बदलली. भाषणस्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'परराष्ट्रांशीं मैत्रीचे संबंध' आणि 'गुन्ह्यास चिथावणी' या कारणांसाठीं बंधनें घालण्याची मुभा सरकारनें मिळविली. देशांत त्या वेळीं एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नव्हती. श्यामाप्रसाद मुखर्जी आदि सभासदांनीं कडाडून विरोध केला. विधेयकाच्या मूळ मसुद्यांत नसलेला 'वाजवी' हा एक शब्द निवड समितींत त्या बंधनांच्या आधीं जोडला गेला. बंधन वाजवी आहे कीं नाहीं, हें तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार त्या एका शब्दावर तरला. चर्चेंत चिकाटीनें उभ्या राहणाऱ्या मूठभर माणसांच्या श्रमाचें मोल यावरून ध्यानांत यावें.

तथापि ही दुरुस्ती केवळ हिरावून घेणारी होती, असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. मागासलेल्या वर्गांच्या उन्नतीसाठीं खास तरतूद करण्याची वाट तिनेंच मोकळी केली. जमीनसुधारणेच्या कायद्यांना न्यायालयाच्या हल्ल्यापासून आडोसा मिळावा म्हणून घटनेस नववें परिशिष्ट तिनेंच जोडलें. त्या परिशिष्टांत आरंभीं १३ कायदे होते, आणि त्यांतील दोन कायदे आमच्या हैदराबाद संस्थानांतील जहागिरी नष्ट करणारे आणि त्यांचा मोबदला ठरविणारे होते. जहागीरदाराच्या वाड्यांत जें संकट वाटलें, तीच गोष्ट त्याच्या शेतांत राबणाऱ्याच्या झोपडींत सुटकेची ठरली. म्हणून कोणत्याही दुरुस्तीविषयीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं कोणाचें स्वातंत्र्य वाढलें आणि कोणाचें घटलें? पण आडोसा एकदां उभारला कीं त्याखालीं वाटेल तें सामान येऊन पडतें. तेरा कायद्यांचें तें परिशिष्ट पुढें २८४ नोंदींपर्यंत वाढलें. १९७३ नंतर त्यांत घातलेले कायदेही घटनेच्या मूळ गाभ्याच्या कसोटीवर तपासतां येतील, असें सर्वोच्च न्यायालयास २००७ सालीं सांगावें लागलें.

दुरुस्तीचें अस्त्र कोणत्या थरास जाऊं शकतें, हें १९७५ नंतरच्या दोन वर्षांत सर्वांनीं पाहिलें. २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली. ऑगस्ट महिन्यांत अडतिसाव्या दुरुस्तीनें आणीबाणीची घोषणा न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली, आणि एकोणचाळिसाव्या दुरुस्तीनें पंतप्रधानांची निवडणूकही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें तर, घटनादुरुस्तीस कोणत्याही न्यायालयांत आव्हान देतां येणार नाहीं, असेंच लिहून टाकलें. हें सर्व रीतसर झालें. ठरावीक बहुमत मिळालें, राष्ट्रपतींची संमति मिळाली. कागदांत कोठें खोडाखोड नव्हती. आणि तरीही हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत होतीं.

त्या कैद्यांची दाद जेव्हां सर्वोच्च न्यायालयापुढें गेली, तेव्हां न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं सरकारच्या वकिलांस विचारलें, कीं एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानें वैयक्तिक वैरानें कोणाचा जीव घेतला, तरी दाद नाहीं काय? आणीबाणी आहे तोंवर नाहीं, असें उत्तर मिळालें. २८ एप्रिल १९७६ रोजीं चार न्यायमूर्तींनीं सरकारचें म्हणणें मान्य केलें. एकटे खन्ना विरुद्ध गेले, आणि पुढें ज्येष्ठता असूनही त्यांचें सरन्यायाधीशपद हुकलें. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. पुढें ऑगस्ट २०१७ मध्यें त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीं आपल्या निकालपत्रांत तो जुना निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढला. वडिलांची चूक मुलानें भर न्यायासनावरून दुरुस्त करावी, ही गोष्ट आपल्यासारख्या कुटुंबवत्सल माणसांनीं चार वेळां मनांत घोळवावी अशी आहे. त्याच आणीबाणींत, डिसेंबर १९७५ मध्यें, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं आणीबाणीविरुद्ध निर्भयपणें आवाज उठविला, आणि पुढें त्यांना तुरुंगवास घडला. दुर्गाबाईंच्या हातीं सत्ता नव्हती, खन्नांच्या बाजूस बहुमत नव्हतें. पण मातोश्रींच्या भाषेंत बोलावयाचें, तर तीं दोघें बांधावर उभीं होतीं.

लोकांनीं १९७७ सालीं सरकार बदललें, आणि १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. स्वातंत्र्याचें रक्षण करणारी दुरुस्ती कोणती, असें विचारल्यास जाणते लोक हिचेंच नांव घेतील. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणाऐवजीं 'सशस्त्र उठाव' असेल तरच, आणि मंत्रिमंडळानें लेखी कळविल्यावरच, आणीबाणी पुकारतां येईल, असें तिनें ठरविलें. जीविताचें आणि व्यक्तिस्वातंत्र्याचें एकविसावें कलम आणीबाणींतही तहकूब करतां येणार नाहीं, असा बंदोबस्त तिनें केला. तिच्याच एका भागाची हकीकत मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

घटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणें एखाद्यास, त्यानें गुन्हा केला म्हणून नव्हे, तर पुढें करील या भीतीनें, स्थानबद्ध करतां येतें. आणि सल्लागार मंडळापुढें प्रकरण न नेतां तीन महिन्यांपर्यंत ठेवतां येतें. ही मुदत दोन महिन्यांवर आणावी, तें मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनें नेमावें, आणि त्यावर उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्तिच असावेत, असें या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमानें ठरविलें. संसदेनें तें मंजूर केलें. ३० एप्रिल १९७९ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. पण केंद्र सरकार जाहीर करील त्या तारखेपासून अंमल व्हावा, अशी तरतूद दुरुस्तीच्या आरंभींच होती. इतर कलमांच्या तारखा जाहीर झाल्या. या कलमाची तारीख मात्र आजतागायत जाहीर झालेली नाहीं! १९८१ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, तेव्हां तें कलम अंमलांत आणण्याचा हुकूम सरकारास देतां येणार नाहीं, असें बहुमतानें ठरलें. त्यानंतर दिल्लींत किती पक्षांचीं सरकारें आलीं आणि गेलीं. आपापल्या परीनें सर्वांनीं स्वातंत्र्याचा जयघोष केला, पण तारीख कोणींच घातली नाहीं. खरेदीखत झालें, नोंदणी झाली, आणि ताबा द्यावयाचा तेवढा राहिला. स्त्रियांना लोकसभेंत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा देणारी २०२३ ची एकशेंसहावी दुरुस्तीही, जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर अंमल, अशी अट घालूनच मंजूर झाली. दुरुस्तीची बातमी वाचून पेढे वाटणाऱ्यांनीं शेवटची ओळ वाचण्याची संवय ठेवावी.

आतां आमच्याच गांवची गोष्ट सांगतों. १० डिसेंबर २०२४ रोजीं परभणीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या घटनेच्या प्रतिकृतीची एका माणसानें मोडतोड केली. दुसऱ्या दिवशीं बंद झाला. त्यांत दगडफेक आणि जाळपोळ झाली, निरपराध दुकानदारांचें नुकसान झालें. पोलिसांनीं पुष्कळांना अटक केली. त्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता. १५ डिसेंबर रोजीं न्यायालयीन कोठडींत असतांना तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालांत अनेक जखमांमुळें बसलेला धक्का हें कारण नोंदलेलें होतें.

त्या दिवसांत आमच्या घराचा दिंडीदरवाजा आंतून लावलेला होता. दूध येईल कीं नाहीं, मुलांच्या परीक्षा पुढें जातील काय, याची आम्ही काळजी करीत होतों. आमच्या दारीं पोलीस आले नाहींत. ते येतील, अशी शंकाही आमच्या मनास शिवली नाहीं. आणि स्वातंत्र्याविषयींचा आमच्यासारख्यांचा सगळा विचार कोठें लुळा पडतो, हें मला त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं उमगलें. ज्याच्या दाराची कडी मध्यरात्रीं कोणी वाजवीत नाहीं, त्याला एकविसावें कलम पुरेसें भक्कम वाटतें. कलमाची परीक्षा आमच्या ओसरीवर होत नसते. ती कोठडींत होते.

या प्रकरणांत कागद कमी पडला, असें कोण म्हणेल? जीविताचें कलम अबाधित होतें. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आंत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें न्यावें, हें कलमही होतें. आणीबाणी नव्हती. नवी दुरुस्ती करून त्या तरुणास आणखी कोणतें कवच देतां आलें असतें? पण येथेंच दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्या मातेनें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धांव घेतली. ४ जुलै २०२५ रोजीं खंडपीठानें गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ३० जुलै २०२५ रोजीं तेथें सरकारचें म्हणणें फेटाळलें गेलें. दोष कोणाचा, हें तपासानें आणि न्यायालयानें ठरवावयाचें आहे. त्याविषयीं आपण आधींच निवाडा देणें योग्य नव्हे. परंतु गश्ती निशाण ५३ च्या काळांत अशा मातेस उभें राहावयास जागाच नव्हती. आज ती सरकारविरुद्ध उभी राहूं शकली, ती त्या कागदाच्या बळावर. म्हणून कागद हवाच. पण तो आपल्या पायांनीं चालत न्यायालयांत जात नाहीं. त्याला कोणीतरी हातीं धरून न्यावें लागतें. आणि तेंही मुलगा गेल्यावर न्यावें लागूं नये, एवढीच प्रार्थना.

त्या रात्रीं बैठकींत हें सगळें बोलून झाल्यावर मी थोडा समाधानानें पान लावूं लागलों, तोंच पुतणीनें विचारलें, "आणि काका, आत्यांच्या हिश्शाचें काय?" ओसरीवर एकदम शांतता पसरली. वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला, साऱ्या देशानें २००५ सालीं. आमच्या घरीं वडील वारल्यावर दोघी बहिणींनीं हंसतमुखानें हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. किंबहुना, त्या करतीलच असें आम्हीं बंधूंनीं गृहीत धरलें होतें. बहिणींना आम्हीं विचारलें नव्हतें, केवळ कागद पुढें केला होता. सरकारनें चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचें एक कलम पेटींत ठेवलें, म्हणून मी तावातावानें बोलत होतों. आणि माझ्याच पेटींत तसाच एक कागद होता. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पूर्वींच सांगून ठेवलें होतें. तो विषय आमच्या घरांत आतां मोकळेपणानें निघाला आहे, एवढेंच येथें नमूद करतों.

मग घटनादुरुस्त्यांनीं स्वातंत्र्य सुरक्षित होतें काय? माझें उत्तर असें, कीं दुरुस्ती ही कुंपणाची जागा आंखून देते. कुंपण राखण्याचें काम तिच्याच्यानें होत नाहीं. तें काम आपलें आहे, आणि हें मी उपदेशाच्या भरांत म्हणत नाहीं. कायद्यानेंच तसें लिहून ठेवलें आहे. अटकेच्या वेळीं पाळावयाचे अकरा नियम सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत घालून दिले. अटकेचा लेखी पंचनामा करावा, नातलगांस कळवावें, कोठडींत दर अठ्ठेचाळीस तासांनीं वैद्यकीय तपासणी करावी, असे ते नियम आहेत. अटकेच्या त्या कागदावर साक्षीदार कोण असावा? अटक झालेल्याच्या कुटुंबांतील माणूस, अथवा त्या वस्तींतील प्रतिष्ठित व्यक्ति. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतही ही तरतूद कायम आहे.

वाचकहो, वस्तींतील प्रतिष्ठित व्यक्ति म्हणजे कोण? सेवानिवृत्त शिक्षक, वकील, डॉक्टर, प्राध्यापक; म्हणजे बहुधा हें मासिक ज्यांच्या घरीं येतें तेच. शेजारच्या गल्लींत पोलिसांची गाडी थांबली, तर दिंडीदरवाजा लावून न घेतां, अंगांत सदरा चढवून बाहेर जावें, "कोणाला नेतां, कशासाठीं नेतां, याच्या घरीं कळविलें काय?" असें सभ्यपणें विचारावें, आणि साक्षीदार म्हणून सही करावी, एवढें काम कायद्यानें आपल्याकडे सोंपविलें आहे. त्यासाठीं एकशेंसातव्या दुरुस्तीची वाट पाहावयास नको.